गोपाळ कृष्ण गोखले

गोपाळ कृष्ण गोखले (९ मे, १८६६ - १९ फेब्रुवारी, १९१५) हे भारतीय राजकीय नेते, समाजसुधारक, अर्थशास्त्राचे अभ्यासक व शिक्षक होते. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या मवाळ प्रवाहाचे ते प्रमुख नेते मानले जातात. १९०५ साली बनारस येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते आणि त्याच वर्षी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. सरकारी कर व निर्बंध यांचा भार शेतकरी, कारागीर, छोटे दुकानदार आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांच्यावर किती पडतो, याची आकडेवारीनिशी मांडणी करून तो हलका करण्यासाठी त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सातत्याने प्रयत्न केले. मिठावरील करात झालेली कपात आणि प्राप्तिकराच्या माफीची वाढलेली मर्यादा ही त्या प्रयत्नांशी निगडित अशी महत्त्वाची उदाहरणे आहेत.

जन्म व शिक्षण

गोखले यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. त्यांचे वडील कृष्णराव हे कागल संस्थानात नोकरीस होते. वडिलांच्या निधनानंतर थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली व तुटपुंज्या पगारातून धाकट्या भावाच्या शिक्षणाचा खर्च चालवला. कोल्हापूर, पुणे व मुंबई येथे शिकून १८८४ साली गोखले मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाले. लहान मिळकतीच्या कुटुंबाला वर्षाकाठी भरावा लागणारा प्रत्येक रुपया किती जड असतो, याचा अनुभव त्यांना घरातच आला होता.

अध्यापन व न्यायमूर्ती रानडे यांचा सहवास

१८८५ साली गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र हे विषय १९०२ पर्यंत शिकवले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पाठ्यपुस्तक अनेक वर्षे शाळांमधून वापरात होते.

याच काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन केले. सरकारी अहवाल, अंदाजपत्रके आणि महसुलाचे तक्ते बारकाईने वाचण्याची शिस्त त्यांना रानड्यांकडून लाभली. आकडेवारीचे जाणकार शिक्षक गणेश व्यंकटेश जोशी यांचेही त्यांना मोठे साहाय्य झाले. गोपाळ गणेश आगरकर यांनी सुरू केलेल्या ‘सुधारक’ पत्राच्या इंग्रजी भागाचे संपादनही गोखले यांनी काही काळ केले.

वेल्बी आयोगापुढील साक्ष

भारत सरकारच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे १८९७ साली गोखले यांनी लंडन येथे साक्ष दिली. लष्कर व वरिष्ठ प्रशासन यांवरील वाढता खर्च भागवण्यासाठी कर वाढतात आणि त्यांचा भार गरिबांवर अधिक पडतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांची उलटतपासणी कसून झाली, तरी त्यांची मांडणी प्रभावी ठरली.

याच मुक्कामात पुण्यातील प्लेगच्या काळात गोऱ्या सैनिकांनी केलेल्या वर्तनाविषयी, पत्रांतून आलेल्या माहितीच्या आधारे त्यांनी जाहीर आरोप केले. मायदेशी परतल्यावर त्या माहितीस पुरावा देण्यास कोणी पुढे न आल्याने त्यांनी माफी मागितली. त्यामुळे त्यांच्यावर तीव्र टीका झाली व काही काळ त्यांची सार्वजनिक प्रतिष्ठा खालावली.

मुंबई विधिमंडळ आणि १९०१ चे विधेयक

मुंबई विधिमंडळाचे सदस्य असताना गोखले यांनी १९०१ च्या जमीन महसूल दुरुस्ती विधेयकास विरोध केला. महसूल थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्यास परत देताना ती विकण्याचा अथवा गहाण ठेवण्याचा हक्क त्यास न देण्याची तरतूद या विधेयकात होती. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याची सुटका करणे, हा आपला हेतू असल्याचे सरकार सांगत होते.

गोखले यांचा आक्षेप हेतूवर नसून परिणामावर होता. जमिनीखेरीज तारण ठेवण्यास काहीही नसलेल्या लहान शेतकऱ्याची पत या निर्बंधाने नाहीशी होईल आणि बी-बियाणे, बैल किंवा दुष्काळातील पोटगी यांसाठी त्याला कर्ज मिळणे अशक्य होईल, असे त्यांचे म्हणणे होते. विधेयक पुढे ढकलण्याची सूचना फेटाळली गेल्यावर फिरोजशहा मेहता यांच्यासह त्यांनी सभात्याग केला. विधेयक मात्र संमत झाले.

केंद्रीय कायदेमंडळातील कार्य

फिरोजशहा मेहता यांच्या निवृत्तीनंतर गोखले केंद्रीय कायदेमंडळावर निवडून गेले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीतील शिल्लक हे प्रजेच्या भरभराटीचे लक्षण असल्याचा सरकारी दावा त्यांनी खोडून काढला. दुष्काळ व प्लेग यांनी लोक गांजलेले असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ गरजेपेक्षा अधिक कर वसूल होत आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या आधारे त्यांनी पुढील तीन करांत सवलतीची मागणी केली.

प्राप्तिकर : १८८६ च्या कायद्यानुसार शेतीखेरीज अन्य मार्गाने वर्षाला ५०० रुपये मिळवणाऱ्यासही प्राप्तिकर लागू होता. त्यामुळे छोटे दुकानदार, कारागीर व कारकून या कराच्या कक्षेत येत. हिशेबाच्या वह्या नीट न ठेवणाऱ्या लहान व्यापाऱ्याचे उत्पन्न अधिकाऱ्याच्या अंदाजावर ठरे व त्याविरुद्ध दाद मागणे त्याला परवडत नसे. माफीची मर्यादा १००० रुपयांपर्यंत वाढवावी, अशी मागणी गोखले यांनी केली. लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने १९०३ साली ती मान्य केली.

मीठ : मिठावरील कर १८८८ साली मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला होता. मिठाचे उत्पादन व विक्री यांवर सरकारचे कडक नियंत्रण असल्याने समुद्रकाठच्या लोकांनाही ते मोकळेपणाने तयार करता येत नसे. श्रीमंत व गरीब दोघांनाही मीठ जवळपास सारखेच लागते, म्हणून हा कर गरिबास अधिक जाचक होतो, असे गोखले यांनी दाखवले. कर कमी केल्यास खप वाढून तिजोरीचे नुकसानही बऱ्याच अंशी भरून निघेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९०३ साली हा कर २ रुपये, १९०५ साली दीड रुपया आणि १९०७ साली १ रुपया झाला.

देशी कापड : लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावामुळे १८९६ पासून भारतीय गिरण्यांत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन शुल्क आकारले जाई. परळ, लालबाग, भोईवाडा या भागांत वाढत असलेल्या मुंबईच्या गिरणगावास त्याची थेट झळ पोहोचत होती. गिरण्यांचे जाडेभरडे कापड गोरगरीबच वापरत असल्याने हे शुल्क अखेर ग्राहकाच्या खिशातूनच जाते, याकडेही गोखले यांनी लक्ष वेधले. त्यांच्या हयातीत ही मागणी मान्य झाली नाही. हे शुल्क १९२६ साली रद्द झाले.

१९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याचे त्यांनी स्वागत केले; मात्र जुन्या कर्जाच्या निवारणाची सोय केल्याशिवाय नव्या संस्थांचा लाभ कर्जबाजारी शेतकऱ्यास मिळणार नाही, असे त्यांचे मत होते.

दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा प्रश्न

दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत १८९७ साली व्यापारी परवान्यांचा कायदा झाला. दुकानाचा परवाना देणे किंवा नाकारणे हे परवाना अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपवण्यात आले. त्याच्या निर्णयावर अपील करायचे ते नगरपरिषदेकडेच, न्यायालयाकडे नव्हे. आणि नगरपरिषदांत गोऱ्या व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते. हिशेब इंग्रजीत ठेवण्याची अट होती. कायद्यात भारतीयांचा उल्लेख नसला, तरी त्याचा वापर प्रामुख्याने भारतीय दुकानदारांविरुद्ध झाला. वर्षानुवर्षे चालवलेले दुकान परवान्याच्या नूतनीकरणाअभावी बंद करण्याची पाळी अनेकांवर आली. याखेरीज करारमुक्त मजुरांवर दरसाल ३ पौंडांचा कर होता. करार संपल्यावर फेरीचा धंदा किंवा भाजीपाल्याची लागवड करून स्वतंत्रपणे जगू पाहणाऱ्यांना पुन्हा करारात ढकलणे अथवा मायदेशी पाठवणे, हा त्यामागील उद्देश होता.

नाताळसाठी करारबद्ध मजुरांची भरती बंद करावी, असा ठराव गोखले यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी केंद्रीय कायदेमंडळात मांडला व तो संमत झाला. जुलै १९११ पासून ही भरती थांबली. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१२ मध्ये मोहनदास गांधी यांच्यासमवेत त्यांनी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला. पंतप्रधान बोथा व मंत्री स्मट्स यांच्या भेटीनंतर ३ पौंडांचा कर रद्द होईल, असे आश्वासन मिळाल्याची त्यांची समजूत झाली. डिसेंबर १९१२ मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमधील सभेत त्यांनी दौऱ्याचा वृत्तान्त सांगितला. पुढे तेथील सरकारने असे आश्वासन दिल्याचे नाकारले. त्यातून १९१३ चा सत्याग्रह व मजुरांचा संप उभा राहिला आणि १९१४ च्या कायद्याने तो कर रद्द झाला. परवान्यांचा प्रश्न मात्र त्यानंतरही शिल्लक राहिला.

संस्थात्मक कार्य

१२ जून १९०५ रोजी स्थापन झालेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य अल्प वेतनावर आयुष्यभर सार्वजनिक कार्य करीत. १९०९ साली समाजात आलेले नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. परळ भागातील गिरणी कामगारांसाठी लीगने वाचनालये, रात्रशाळा व सहकारी संस्था चालवल्या.

मार्च १९११ मध्ये गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढील वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

मूल्यमापन

सरकारशी सहकार्य करून सवलती मिळवण्याच्या गोखले यांच्या मार्गावर जहाल पक्षाने टीका केली. मिळालेल्या सवलती सरकारच्या मर्जीवर अवलंबून होत्या, या टीकेत तथ्य होते. मिठावरील कर १९१६ साली पुन्हा वाढवण्यात आला. दुसरीकडे, सरकारने कमीत कमी कामे करावीत, अशी त्यांची भूमिका नव्हती. शिक्षण व आरोग्य यांवर सरकारने अधिक खर्च करावा आणि शिक्षणासाठी सक्तीचा कायदाही करावा, असे ते मानत. दुर्बळाच्या उपजीविकेस अडथळा आणणारा कर किंवा निर्बंध काढून टाकावा आणि त्यास समर्थ करणारा कायदा करावा, असा भेद त्यांच्या मांडणीत दिसतो. एखादा नियम कोणाच्या नावे केला आहे, यापेक्षा तो प्रत्यक्षात कोणावर पडतो, हे तपासण्याची त्यांची पद्धत पुढील काळातील भारतीय अर्थशास्त्रीय लेखनास मार्गदर्शक ठरली.

मृत्यू व स्मारके

मधुमेहाच्या विकाराने व अतिश्रमाने प्रकृती खालावून १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुणे येथे वयाच्या ४८व्या वर्षी गोखले यांचे निधन झाले. १९१४ साली देऊ केलेला ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला होता. राजकारणातील त्यांचे विरोधक लोकमान्य टिळक यांनी अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांच्या कार्याचा गौरव केला. १९३० साली पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. मुंबईत दादर येथील गोखले रस्ता व चर्चगेटजवळील पुतळा ही त्यांची स्मारके आहेत.