निळ्या गोळीमागची बाई

परळमधल्या एका शाळेत मी २३ वर्षे शास्त्र शिकवले. शेवटची काही वर्षे दर सोमवारी निळ्या गोळ्या वाटण्याचे काम माझ्याकडे होते. मुली गोळी तोंडात टाकायच्या, माझ्याकडे बघत घोटभर पाणी प्यायच्या आणि माझी पाठ वळली की खिडकीतून थुंकायच्या. खालच्या पत्र्यावरचे निळे डाग पाहिले त्या दिवशी मी साऱ्या वर्गाला फैलावर घेतले. नंतर कळले, निम्म्या मुली नुसत्या चहावर शाळेत येत. रिकाम्या पोटी लोहाने मळमळणारच! ही गोळी जेवणानंतर द्यायची, एवढेही मी शास्त्राची शिक्षिका असून पाहिले नव्हते.

त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते आणि सोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. लोहाची महती फार जुनी. फॉलिक आम्लाची कथा मात्र आमच्या शाळेतून चालत जाता येईल अशा हाफकिन संस्थेत घडली, आणि ती घडवणाऱ्या बाईंचे नाव मला स्वतःला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हते. लूसी विल्स.

जन्म १८८८ चा, इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकल्या, १९११ मध्ये परीक्षा झाल्या. पण बायकांना पदवी देण्याची त्या विद्यापीठाची तेव्हा तयारी नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत त्यांनी शुश्रूषेचे काम केले आणि परतल्यावर लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. डॉक्टर झाल्या तेव्हा वय होते ३२. दवाखाना मात्र थाटला नाही. प्रयोगशाळाच पत्करली.

१९२८ मध्ये त्या मुंबईला आल्या. गिरण्यांतल्या गरोदर बायका पांढऱ्याफटक पडत, दम लागून कोसळत, कित्येक दगावत. लोह कमी पडले की रक्तातल्या तांबड्या पेशी लहान होतात. या बायकांच्या पेशी उलट मोठ्या होत्या. हा पंडुरोग निराळाच होता. विल्सबाईंनी आधी जंतूंचा संशय घेतला. शौचाचे नमुने तपासले. हाती काही लागले नाही. मग त्यांनी कोणत्या समाजातली, कोणत्या ऐपतीची बाई रोज काय खाते याची पाहणी केली. सर्वाधिक त्रास गरीब मुसलमान बायकांना होता आणि त्यांच्या जेवणात भाज्या, फळे, प्रथिने नावालाच होती.

तोच आहार त्यांनी उंदरांना दिला. उंदीर फिके पडले, यीस्ट दिल्यावर सावरले. सगळे जुळले असे वाटत असतानाच उंदरांच्या उवांमुळे होणाऱ्या एका संसर्गाने घोटाळा केला असल्याचे निघाले. दुसरे कोणी असते तर गाशा गुंडाळला असता! या माकडांकडे वळल्या. अगदी खालावलेल्या एका माकडाला त्यांनी मार्माइट दिले आणि ते झपाट्याने सुधारले. मार्माइट म्हणजे दारूभट्टीत उरलेल्या यीस्टचे काळे, खारट चाटण. इंग्रज माणूस ते पावाला लावून खातो. लिव्हरच्या महाग अर्कापुढे अगदीच स्वस्त. बायकांना दिले, तर त्याही उठून बसल्या. हा निष्कर्ष १९३१ मध्ये छापून आला.

यीस्टमधला तो पदार्थ कोणता, हे त्यांना सांगता आले नाही. लिव्हरचा शुद्ध केलेला अर्क या बायकांना लागू पडत नाही, म्हणजे हे द्रव्य त्याहून वेगळे आहे, इथवर त्यांनी नेऊन ठेवले. १९४१ मध्ये अमेरिकेत ते पालकातून वेगळे काढण्यात आले आणि पानावरून त्याचे नाव फॉलिक पडले. १९४५ मध्ये ते कृत्रिमरीत्या तयार केले तेही अमेरिकेतच, पण ज्यांच्या हाताखाली केले ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्याकडचे, आंध्रचे. विल्सबाई १९६४ मध्ये वारल्या. लग्न केले नव्हते. उतारवयात लंडनमध्ये चेल्सीच्या नगरसेविका होत्या, मजूर पक्षाच्या.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळले. यात लोहाची उणीव मोठी, म्हणून नुसत्या फॉलिक आम्लाने भागत नाही. पण विल्सबाईंनी गरोदर बाईच्या ताटात जे पाहिले, ते ताट तिच्या शाळेच्या वयातच रिकामे झालेले असते, हे मी रोज डब्यांतून बघत होते. चपाती आणि लोणचे. चपाती आणि चहा.

गोळी मी खिचडीनंतर द्यायला लागले. पत्र्यावरचे डाग कमी झाले. एकदा आठवीच्या वर्गाला मी विल्सबाईंची आणि त्या माकडाची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, त्या माकडाला मुळात भाजी का देत नव्हते? प्रयोग होता, मी सांगितले. तिने मान डोलावली. मग म्हणाली, त्यांच्याकडे भाजी आधी वडिलांना, मग दोन्ही भावांना. आई आणि ती रस्सा घेतात. तक्रारीचा सूरही नव्हता तिच्या बोलण्यात. पुढच्या पालकसभेला मी तिच्या आईबरोबर वडिलांनाही बोलावले. आई एकटीच आली.