प्वासाँत न बसणारे आकडे आणि कोसंबी
दामोदर कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणूनच माहीत. गोव्यात १९०७ ला जन्मलेला हा माणूस पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचा. १९४४ मध्ये त्यांनी दोन जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र दिलं.

गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. हाल्डेनने तिची संख्या प्वासाँ धरली होती, म्हणजे सरासरी तेवढाच व्हेरिअन्स. पण एक अदलाबदल झाली की शेजारी दुसरी सहसा होत नाही, त्यामुळे आकडे कमी पसरतात. (आपल्या सर्व्हर लॉगमध्ये बहुतेकदा उलटं, जास्तच पसरतात!) कोसंबींनी हा अडथळा सूत्रातच घेतला. २० टक्के संततीत जनुकांची ताटातूट दिसली, तर हाल्डेन २५.५ सेंटीमॉर्गन सांगतो, कोसंबी २१.२.

१९६६ मध्ये ते वारले. आमच्या लातूरकडे पिकणाऱ्या सोयाबीनचे जनुकीय नकाशे काढताना सॉफ्टवेअरमध्ये ‘कोसंबी’ हा पर्याय आजही निवडतात.