विश्लेषण : वस्तीतल्या पडीक तुकड्यांवर बागा फुलवणारे पॅट्रिक गेडिस कोण होते?

शहरातल्या ओसाड जागेवर दाट देशी झाडी उभी करायची म्हटले की जपानचे अकिरा मियावाकी यांचे नाव घेतले जाते. मात्र कोंदट वस्तीतला छोटासा तुकडाही हिरवा करता येतो, हे त्यांच्या कितीतरी आधी स्कॉटलंडच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते. पुढे ते मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस.

वनस्पतिशास्त्रज्ञ शहराकडे कसे वळले?

गेडिस यांचा जन्म १८५४चा, स्कॉटलंडमधील बॅलटर गावचा. त्यांनी टॉमस हक्स्ली यांच्याकडे जीवशास्त्राचे धडे घेतले, पण पदवी कधीच घेतली नाही. १८७९मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. ती परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावर तासन् तास काम करणे अवघड झाले. पुढे १८८८पासून सुमारे ३० वर्षे ते डंडी येथे वनस्पतिशास्त्र शिकवत होते. सजीव आणि त्याचा परिसर वेगळे काढता येत नाहीत, हे सूत्र त्यांनी माणसांच्या वस्तीला लावले.

एडिनबर्गमध्ये त्यांनी काय केले?

एडिनबर्गच्या जुन्या भागातून श्रीमंत कुटुंबे केव्हाच निघून गेली होती. मागे उरली ती दाटीवाटीची, अस्वच्छ घरे. १८८६मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाल्यावर हे दाम्पत्य मुद्दाम तिथेच, जेम्स कोर्टमध्ये राहायला गेले. घरे दुरुस्त करणे, रंगरंगोटी, खिडक्यांत फुलझाडे लावणे अशी सुरुवात झाली.

मोठे काम नंतरचे. गेडिस यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या शहराची पाहणी केली. त्यात ७५ रिकामे तुकडे सापडले, एकूण सुमारे १० एकर. जागा नाही, हा समज खोटा ठरला. जागा होती, फक्त तिथे कचरा साचला होता. त्यांपैकी काही ठिकाणी बागा झाल्या. त्यांची आखणी गेडिस यांची कन्या नोरा यांनी केली आणि वस्तीतल्या मुलांना बागकामात सामील करून घेतले.

भारताशी संबंध कसा आला?

१९१४मध्ये ते मद्रासला यायला निघाले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवले. त्यांनी नव्याने साहित्य जमवून प्रदर्शन भरवले. १९१७ मात्र फार कठीण गेले. मुलगा अलास्डेअर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ॲना भारतात आजारी होत्या. त्यांना ही बातमी कळू दिली गेली नाही. त्याच वर्षी त्याही गेल्या.

तरीही काम थांबले नाही. रुंद रस्त्यासाठी अख्खी वस्ती पाडू नका. मोजकी मोडकी घरे काढा, मोकळ्या जागेत झाडे लावा, विहिरी-तलाव बुजवू नका, असा त्यांचा आग्रह असे. घर पाडले तरी माणूस नाहीसा होत नाही, तो शेजारच्या वस्तीत दाटी वाढवतो, हे त्यामागचे गणित. इंदूरमध्ये प्लेगच्या काळात त्यांनी दिवाळीला स्वच्छतेची मिरवणूक काढली आणि लोकांना तुळशीची रोपे वाटली.

१९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी; त्यांनी पुढे हा विभाग सांभाळला. गेडिस यांचे निधन १९३२मध्ये फ्रान्समधील मोंपेलिए येथे झाले.

आज काय उरले?

एडिनबर्गमधील वेस्ट पोर्टची बाग अजून टिकून आहे. गेडिस यांच्या बागा मियावाकी पद्धतीची दाट जंगले नव्हती. पण आपल्या शहरात छोटे जंगल लावू पाहणाऱ्यांना त्यांचा क्रम आजही उपयोगी आहे. आधी गल्लीगल्ली फिरून रिकामी जागा मोजायची, मग तिथल्याच रहिवाशांना सोबत घ्यायचे आणि रोपे शेवटी आणायची. कारण पाणी घालणारे हात तिथलेच असावे लागतात.