डॉ. वाल्देमार हाफकिन

मुंबईस परळ येथे जाण्याचा योग आमच्या वाचकांपैकी ज्यांस आला असेल, त्यांनी तेथील हाफकिन संस्थेची जुनी व भव्य वास्तू पाहिली असेल. पोर्तुगीज अमदानीत त्या जागी ख्रिस्ती मठ होता. पुढे मुंबईच्या गव्हर्नरांचे ते निवासस्थान झाले. आणि 1899 साली त्याच दिवाणखान्यांतून प्लेगच्या लशीचे चंबू मांडले गेले. ज्या पुरुषाचे नाव आज त्या संस्थेस आहे, तो ना इंग्रज होता ना हिंदी, आणि वैद्यकीची पदवीही त्याजपाशी नव्हती. कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या आमच्या गावात आज प्रत्येक अर्भकास लस टोचली जाते, आणि त्यात कोणास काही विशेष वाटत नाही. परंतु दंडावर सुई टोचून घेण्यास माणसे राजी व्हावीत म्हणून एका परक्या माणसाने या आमच्या इलाख्यात काय सोसले, हे विद्यार्थिमित्रांस ठाऊक असावे, या हेतूने आम्ही हे अल्प चरित्र सादर करीत आहो.

हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. त्या काळच्या रशियात ज्यू म्हणून जन्मास येणे म्हणजे निम्मी दारे बंद असणे होय. विद्यार्थिदशेतच, 1881 साली, ज्यूंच्या वस्तीवर दंगेखोरांनी हल्ला चढविला असता ते संरक्षक पथकात सामील झाले, जखमी झाले आणि वर कैदही झाले. त्यांची सुटका झाली ती त्यांचे गुरू, प्राणिशास्त्राचे अध्यापक मेचनिकॉव्ह यांच्या शब्दामुळे. पुढे ज्यू धर्म सोडून रशियाचा राजधर्म स्वीकाराल तर अध्यापकाची जागा मिळेल, असे त्यांस सुचविण्यात आले. त्यांनी ते मानले नाही, आणि जागाही मिळाली नाही.

या गुरूविषयी दोन शब्द येथेच सांगितले पाहिजेत, कारण शिष्याचे पुढील सर्व कार्य त्या एका विचाराच्या छायेत वाढले. 1882 साली इटलीतील मेसिना येथे मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसून ठेवला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहतात तो त्या काट्याभोवती शरीरातील फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! शरीरात परका पदार्थ शिरला की या पेशी त्याजवर धावून जातात व त्यास गिळून टाकू पाहतात, असे अनुमान त्यांनी काढले. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी कित्येक याच जातीच्या होत. जखम झाली की जवळच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून या पेशी फटीफटीने बाहेर पडतात आणि तो भाग तांबडा होऊन सुजतो. जखम भरून येताना याच घराण्यातील पेशी नव्या रक्तवाहिन्या फुटण्यासही चालना देतात, हे पुढील संशोधकांनी दाखविले आहे. सूज म्हणजे नुसता रोग नव्हे, ते शरीराने मांडलेले युद्ध आहे, हा विचार त्या काळी अगदी नवा होता.

1889 साली हाफकिन पॅरिस येथील पाश्चर संस्थेत गुरूंच्या मागोमाग आले. रिकामी जागा होती ती ग्रंथपालाची. तीही त्यांनी पत्करली आणि उरल्या वेळात पटकीच्या जंतूंवर प्रयोग चालविले. मारलेले किंवा दुबळे केलेले जंतू अगोदरच शरीरास दाखवून ठेवले, तर खरा शत्रू आल्यावर शरीराची फौज गाफील सापडणार नाही, ही त्यामागील कल्पना. जनावरांवर प्रयोग सफल झाले. परंतु माणसाचे काय? 18 जुलै 1892 रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. पुढील वर्षी ते कलकत्त्यास उतरले आणि सुमारे अडीच वर्षांत 42,000 हून अधिक लोकांस त्यांनी पटकीची लस टोचली. या दगदगीत हिवतापाने त्यांस गाठले व काही काळ युरोपात परतावे लागले.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. काखेत वा जांघेत गाठ, प्रखर ताप, आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. सरकारच्या बोलावण्यावरून हाफकिन ऑक्टोबरात मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व एक पडवी, एक कारकून व तीन शिपाई, एवढाच सरंजाम त्यांस मिळाला. तेथे त्यांनी तीन महिने अहोरात्र काम केले. जंतू वाढविण्यास मांसाचा रस लागतो. पण गोमांस वा डुकराचे मांस वापरले तर लोकांच्या मनास काय वाटेल, हे ओळखून त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस घेतला. त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. थेंबांच्या बुडाशी प्लेगचे जंतू झुंबरांच्या लोलकांसारखे लोंबत वाढत; चंबू हलविला की ते तळाशी बसत आणि वर पुन्हा नवी वाढ सुरू होई. असे पीक भरपूर आले की उष्णता देऊन जंतू मारीत. परदेशी शास्त्र आमच्या स्वयंपाकघरातील तुपावर पोसले गेले, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःस टोचून घेतली, आणि मात्राही पुढे इतरांस दिली त्याहून कितीतरी मोठी. ताप आला व उतरला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जे कैदी आपण होऊन पुढे आले त्यांस टोचण्यात आले. शरीराच्या आत काय घडते, ते आज अधिक स्पष्ट कळते. प्लेगचे जंतू मोठे लबाड. गिळणाऱ्या पेशींनाही ते दाद देत नाहीत. परंतु लशीमुळे रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात, ती जंतूंस चिकटतात आणि मग पेशींस त्यांचा घास घेणे सोपे जाते. हाफकिन यांची लस परिपूर्ण होती, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तिचा प्रभाव थोडेच महिने टिके आणि फुप्फुसाच्या प्लेगपुढे ती दुबळी ठरे.

तरीही ती किती उपयोगी होती, हे बडोद्याजवळील उंधेरा या खेड्याने दाखविले. 1898 साली तेथे प्लेग चालू असता हाफकिन यांनी प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांस टोचले व निम्म्यांस तसेच ठेवले. घर तेच, उंदीर तेच, अन्नही तेच. टोचलेल्या 71 जणांत 8 आजारी पडले व 3 दगावले. न टोचलेल्या 64 जणांत 27 आजारी पडले व 26 दगावले. या आकड्यांपुढे दुसऱ्या युक्तिवादाची गरज नाही.

याच काळात आमच्या पुण्यात काय चालले होते, तेही ध्यानात आणावे. 10 मार्च 1897 रोजी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांस त्याच रोगाने मृत्यू आला. घरोघर गोरे शिपाई शिरून झडत्या घेत. त्या जुलमाने लोक चिडले आणि 22 जूनच्या रात्री चापेकरांनी रँड यांजवर गोळी झाडली. गावेच्या गावे ओस टाकून लोक रानात झोपड्या बांधून राहत. अशा भयभीत व रागावलेल्या लोकांपुढे हाफकिन सुई घेऊन उभे होते, आणि त्यांचा भर सक्तीवर नव्हता, विश्वासावर होता. आगाखान यांनी स्वतः टोचून घेतले आणि त्यांच्या मागून हजारो खोजांनी. हेच काम शिपायांच्या संगिनीने झाले नसते.

आणि हा विश्वासच एका चिमट्याने धुळीस मिळविला! 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी 107 जणांस लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले 19 जण धनुर्वाताने मेले. इतर बाटल्यांच्या वाट्यास आलेल्यांस काहीही झाले नाही. चौकशी बसली आणि दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला. कार्बोलिक आम्लाऐवजी केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली, हा हाफकिन यांचा अपराध ठरला. त्यांस कामावरून दूर करण्यात आले आणि ते लंडनला गेले.

वस्तुतः पुरावा निराळेच सांगत होता. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बूच काढण्यास वापरला गेला होता. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे शास्त्रास तेव्हाही ठाऊक होते. बाटली भरून 41 दिवस झाले होते. जंतू परळलाच शिरले असते तर एवढ्या अवधीत लशीस दुर्गंधी सुटती, आणि तशी दुर्गंधी कोणास आली नव्हती. चौकशीचे कागद सर्वांसमोर येण्यास मात्र वर्षे लागली. अखेर 29 जुलै 1907 रोजी रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्स पत्रात प्रसिद्ध झाले, आणि त्या वर्षाअखेर सरकारने हाफकिन यांजवरील ठपका काढून घेतला. पाच वर्षे एका निरपराध माणसाने कलंक वाहिला. त्या 19 घरांचे दुःख आम्ही लहान लेखीत नाही. परंतु एका दुःखाची भरपाई दुसऱ्या अन्यायाने कशी व्हावी?

ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण परळास नव्हे, कलकत्त्यास. पहिली उमेद राहिली नव्हती. थोड्याच वर्षांत निवृत्त होऊन ते युरोपास गेले व अविवाहितच राहिले. इकडे परळचे काम थांबले नव्हते. 1897 ते 1925 या काळात तेथून प्लेगच्या लशीच्या सुमारे 2 कोटी 60 लक्ष मात्रा बाहेर गेल्या. 1925 साली त्या प्रयोगशाळेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तेव्हा ते हयात होते. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. आपली सारी मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील ज्यूंच्या धर्मपाठशाळांसाठी ठेवली होती.