टबमधली लिली आणि एक माळी

आमच्या बाल्कनीत आईचा कपडे भिजवायचा जुना टब होता. बारावीच्या सुट्टीत मी त्यात वॉटर लिली लावली. (कुमुदिनी हा शब्द मला आजीकडून कळला, कॉन्व्हेंटचं मराठी, सांभाळून घ्या!) दोन वर्षं नुसती पानं, फूल एकही नाही. मग लायब्ररीत जोसेफ पॅक्स्टन भेटला.

जन्म १८०३, इंग्लंडमधल्या शेतकऱ्याच्या घरात. डिग्री नाही. १८२६ मध्ये, तेविसाव्या वर्षी, तो चॅट्सवर्थला ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा मुख्य माळी झाला. पहिल्या दिवशी पहाटे साडेचारला पोचला, आणि फाटक उघडायची वाट न बघता भिंतीवरून आत! (हॉस्टेलवाल्यांना हे नवीन नाही.) नाश्त्यापर्यंत बाग बघून झाली, माणसं कामाला लागली, होणारी बायकोही भेटली. मेसमध्ये आपण खातो ती कॅव्हेंडिश केळी त्यानेच तिथे वाढवली, नाव ड्यूकच्या घराण्याचं.

१८४९ च्या ऑगस्टमध्ये त्याने क्यू गार्डनमधून ॲमेझॉनच्या व्हिक्टोरिया लिलीचं छोटंसं रोप आणलं. क्यूमध्ये ती फुलत नव्हती. पॅक्स्टनने तिला काचघरात मोठी टाकी दिली, पाणी गरम ठेवलं, आणि छोट्या चाकांनी ते सतत हलतं ठेवलं. नोव्हेंबरमध्ये फूल आलं. हे फूल पहिल्या रात्री पांढरं असतं, दुसऱ्या रात्री गुलाबी होतं. पान एवढं मोठं झालं की त्याने आपल्या छोट्या ॲनीला त्यावर उभं केलं, तरी ते बुडालं नाही! पानाखाली जाड शिरांची जाळी असते, आपल्या बीम आणि क्रॉस-बीमसारखी.

पुढे १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी त्याने लोखंड आणि काचेचा क्रिस्टल पॅलेस उभारला, लांबी १८४८ फूट. पहिलं स्केच रेल्वेच्या मीटिंगमध्ये टिपकागदावर काढलेलं. ती आयडिया लिलीच्या पानावरून आली असं सगळीकडे लिहितात. मी सिव्हिलची, मला ते थोडं जास्त वाटतं. तसलं घड्यांचं काचेचं छप्पर त्याने १८४० मध्येच एका काचघरावर घातलं होतं. पण पानाने त्याला धीर दिला असणार. १८६५ मध्ये तो वारला, सर आणि खासदार होऊन.

हे वाचून माझी चूक कळली. त्याने लिलीला काय हवं ते शोधलं, मी फक्त पाणी बदलत होते. बाल्कनीत जेमतेम तासभर ऊन, तिला पाच-सहा तास लागतं. दिवाळीत टब रिकामा करून मी आणि बाबांनी गच्चीवर नेला, तळाला चिकणमाती भरली, डासांसाठी गप्पी मासे सोडले. परवा आईचा फोन आला, कळी पाण्याबाहेर आलीये. आणि माझी इथे उद्या ओरल!