विश्लेषण : लंडनच्या धुराची तक्रार थेट राजाकडे... १६६१ मध्ये! कोण होते जॉन एव्हलिन?

हवेच्या प्रदूषणाबाबतची जागरूकता अलीकडची समजली जाते. पण जॉन एव्हलिन यांनी लंडनच्या धुराविरुद्ध ‘फ्युमिफ्युजियम’ ही पुस्तिका इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला सादर केली, ती १६६१ मध्ये.

एव्हलिन कोण?

त्यांचा जन्म १६२० मध्ये सरे परगण्यातील वॉटन येथला. घराण्याची श्रीमंती बंदुकीच्या दारूच्या कारखान्यांतून आलेली! पण एव्हलिन यांना ओढ झाडांची. लंडनजवळ डेटफर्ड येथे त्यांनी मोठी बाग फुलवली. रॉयल सोसायटीच्या संस्थापक सदस्यांपैकी ते एक. आज ते ओळखले जातात मुख्यतः रोजनिशीमुळे. ती छापली गेली १८१८ मध्ये.

पुस्तिकेत काय होते?

लंडनमध्ये न्यूकॅसलहून जहाजाने येणारा दगडी कोळसा जळत असे. त्याचा धूर राजवाड्यातही शिरला, माणसाला माणूस दिसेना, तेव्हा एव्हलिन यांनी लेखणी उचलली. खोकला, फुप्फुसांचे विकार, काळवंडलेले कपडे आणि चित्रे यांचा दोष त्यांनी मद्य गाळणारे, रंगारी, साबण आणि चुना करणारे यांच्या भट्ट्यांवर ठेवला. नुसती ओरड नव्हे, पुरावाही दिला. यादवी युद्धात न्यूकॅसलला वेढा पडला आणि कोळसा अडला, त्या वर्षी लंडनच्या भरवस्तीतील बागांना भरघोस फळे आली होती. भट्ट्या पाच-सहा मैल दूर न्याव्यात आणि शहराभोवती सुगंधी झाडे लावावीत, ही त्यांची मागणी.

राजाने काय केले?

चार्ल्स खूश झाला, विधेयक तयार करण्यास सांगितले. जानेवारी १६६२ मध्ये मसुदा हाती आलाही. कायदा मात्र झाला नाही. त्याच वर्षी पार्लमेंटने चुलींची दखल घेतली, पण दर चुलीमागे वर्षाला २ शिलिंग कर बसवण्यापुरती.

एव्हलिन यांचे काय चुकले?

घरगुती चुलींना त्यांनी जवळपास निर्दोष सोडले. पुढे शहर वाढले, घरोघरच्या शेगड्या वाढल्या. डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस लंडनवर धुरके साचले, तेव्हा या शेगड्यांचा वाटा मोठा होता. त्यात सुमारे ४ हजार बळी गेल्याचा तेव्हाचा अंदाज; नंतरच्या अभ्यासांत तो १२ हजारांपर्यंत गेला. घरातील धुरालाही लगाम घालणारा स्वच्छ हवा कायदा १९५६ मध्ये आला. १७०६ मध्ये वारलेल्या एव्हलिन यांच्या मृत्यूला तेव्हा २५० वर्षे झाली होती.