गाडीचा आवाज विकून रेसिंग टीम चालवणारा माणूस : कार्लो अबार्थ

जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर पोलिसांनी रस्त्यावर ओळीनं मांडलेत आणि त्यावरून रोडरोलर चाललाय, असा व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये एकदा तरी येऊन गेला असेल. एक्झॉस्ट बदलून गाडीचा आवाज वाढवणं हा आपल्याकडं तसा बदनाम उद्योग.

पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी इटलीत एका माणसानं याच उद्योगावर अख्खा कारखाना उभा केला. लोकांना गाडीचा आवाज विकला, त्या पैशातून शर्यतीच्या गाड्या बनवल्या, आणि त्या शर्यतींनीच शेवटी त्याच्या हातून कंपनी गेली.

त्या माणसाचं नाव कार्लो अबार्थ.

मुळात तो कार्लो नव्हताच. १५ नोव्हेंबर १९०८ ला व्हिएन्नात जन्मला तेव्हा त्याचं नाव होतं कार्ल. वयाच्या विशीत तो मोटरसायकलच्या शर्यतींत उतरला. गाडी पळवायची आणि रात्री तीच गाडी उघडून बसायची, असा त्याचा खाक्या. १९३० मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझला मोठा अपघात झाला आणि त्यानंतर तो साइडकारकडं वळला. साइडकार म्हणजे शोलेतल्या जय-वीरूच्या गाडीला होती ती, शेजारी डबा जोडलेली.

याच साइडकारवर १९३४ मध्ये त्यानं एक अचाट उद्योग केला. व्हिएन्ना आणि बेल्जियममधलं ऑस्टेंड यांच्यात जवळपास १,३०० किलोमीटरचं अंतर. या मार्गावर धावणाऱ्या ओरिएंट एक्स्प्रेसला त्यानं मोटरसायकलवर मागं टाकलं. युरोपातल्या सगळ्यात नावाजलेल्या रेल्वेला हरवल्यावर पेपरात नाव छापून येणारच. ते आलं.

१९३९ मध्ये मात्र नशीब रुसलं. युगोस्लाव्हियात ल्युब्लियानाजवळ शर्यतीत पुन्हा अपघात झाला आणि यावेळी तो कितीतरी महिने हॉस्पिटलमध्ये पडून होता. रेसर म्हणून कारकीर्द तिथंच संपली. वय होतं तीस. बाहेर महायुद्ध सुरू झालेलं. युद्धाची वर्षं त्यानं युगोस्लाव्हियातच काढली आणि १९४५ मध्ये उत्तर इटलीतलं मेरानो गाठलं. त्याच्या घराण्याची मुळं याच भागातली. इथं कार्लचा कार्लो झाला.

मेरानोत त्याच्याजवळ पैसा नव्हता, ओळखी मात्र होत्या. पोर्शे कुटुंबाशी त्याचं जुनं नातं होतं. त्या जोरावर तो पिएरो दुसिओ या उद्योगपतीच्या चिसितालिया कंपनीत रेसिंग विभागाचा प्रमुख झाला. पोर्शेच्या लोकांनी डिझाइन केलेल्या ग्रां प्री गाडीवर दुसिओनं इतका खर्च केला, की कंपनीच बुडाली. अबार्थच्या वाट्याला पगाराऐवजी काही रेसिंग गाड्या आणि सुटे भाग आले.

या भंगारवजा सामानातून ३१ मार्च १९४९ ला बोलोन्यात अबार्थ अँड कंपनी सुरू झाली. पैसा लावला अर्मांदो स्कालियारिनी यांनी. त्यांचा मुलगा ग्विदो रेसर होता. कंपनीचं चिन्ह ठरलं विंचू, कारण अबार्थची रास वृश्चिक. (आपल्याकडची चंद्ररास नाही, तिकडची सूर्यरास.) थोड्याच काळात बिऱ्हाड तुरिनला हललं. तुरिन म्हणजे फियाटचं गाव.

पुढच्याच वर्षी, १० एप्रिल १९५० ला, ताझिओ नुवोलारी हा इटलीचा दैवत मानला गेलेला रेसर सिसिलीतल्या मोंते पेलेग्रिनोच्या घाटशर्यतीत अबार्थची २०४ ए घेऊन उतरला. वय ५७. वर्षानुवर्षं गाड्यांचा धूर घेऊन फुफ्फुसं खराब झालेली. तरी त्यानं आपला गट जिंकला. ती नुवोलारीची शेवटची शर्यत ठरली आणि नव्या कंपनीला फुकटात जाहिरात मिळाली.

पण जाहिरातीवर कामगारांचे पगार होत नाहीत. अबार्थला रोज विकता येईल असं काहीतरी हवं होतं. सुरुवातीला त्यानं फियाट टोपोलिनोसाठी गिअरचे दांडे विकले. मग आला एक्झॉस्ट, आणि गणित बदललं.

इथं थोडं यंत्रशास्त्र. इंजिनात पेट्रोल जळलं की गरम वायू धक्क्याधक्क्यानं बाहेर फेकला जातो. या धक्क्यांचाच आवाज होतो. कंपनीच्या साध्या सायलेन्सरमध्ये कप्पे आणि पडदे असतात. वायू त्यातून वळणं घेत जातो, आवाज मरतो, पण वायूची वाटही अडते. तो बाहेर ढकलण्यात इंजिनाची थोडी ताकद वाया जाते.

अबार्थनं वाट सरळ केली. आत भोकं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती काचतंतूंचं भरण. वायू फारसा न अडता निघून जातो. कर्कश, चिरका आवाज भोकांतून त्या भरणात शिरतो आणि तिथंच जिरतो. बाहेर येतो तो खालचा, भरदार सूर. तंबोऱ्याचा खर्ज ऐकला असेल तर कळेल. आतला पडदा काढून टाकलेला बुलेटचा सायलेन्सर आणि अबार्थचा एक्झॉस्ट यांत फरक आहे तो हाच. तिथं सगळंच मोकळं सोडलेलं असतं, इथं कुठला आवाज ठेवायचा हे कुणीतरी बसून ठरवलेलं होतं.

यानं गाडी किती जोरात पळायची? खरं सांगायचं तर, नुसत्या एक्झॉस्टनं फार नाही. छोट्या इंजिनाला थोडीशी ताकद मिळायची. त्याबरोबर कार्बुरेटर आणि इंजिनाचं बाकीचं काम केलं तर फरक जाणवायचा. पण कानाला मात्र गाडी दुप्पट पळतेय असं वाटायचं, आणि गिऱ्हाईक त्याचेच पैसे मोजत होतं.

काळही जुळून आला होता. युद्धातून सावरणाऱ्या इटलीत कारकून आणि कामगार पहिल्यांदा गाडी घेत होते. १९५५ मध्ये फियाट ६०० आली, १९५७ मध्ये फियाट ५००. पहिल्या ५०० ची ताकद होती १३ हॉर्सपॉवर. आजच्या साध्या १२५ सीसी बाईकच्या जवळपास. फेरारी तर स्वप्नातही परवडणारी नव्हती. पण फेरारीची आठवण करून देणारा गुरगुराट? तो एका पगारातून घेता येत होता. काळी टाकी, मागं क्रोमची चकाकती तोंडं आणि वर विंचू. गल्लीत गाडी शिरली की सगळ्यांना कळायचं.

गंमत म्हणजे इटालियनमध्ये सायलेन्सरला मार्मिट्टा म्हणतात, आणि मार्मिट्टाचा मूळ अर्थ स्वयंपाकाचं मोठं पातेलं. तर या पातेल्यांचा खप बघा : १९६२ मध्ये अबार्थनं २ लाख ५७ हजार एक्झॉस्ट बनवले आणि त्यातले ६५ टक्के परदेशी गेले. कामावर माणसं होती ३७५. फियाटच नाही, तर पोर्शे ३५६, फोक्सवॅगन बीटल, अल्फा रोमिओ अशा कितीतरी गाड्यांसाठी अबार्थचे पाईप निघत. जुनी ३५६ बाळगणारे शौकीन आजही त्या काळातला अस्सल अबार्थ एक्झॉस्ट शोधत फिरतात.

पाईपचा पैसा शर्यतींत जात होता. फियाट ६०० चं ६३३ सीसीचं इंजिन अबार्थनं ७४७ सीसीचं केलं. १९६३ मध्ये फियाट ५०० वरून २७ हॉर्सपॉवरची ५९५ काढली. शर्यतीतल्या त्याच्या छोट्या फियाट मागचं झाकण उघडं ठेवूनच पळायच्या, इंजिन थंड राहावं म्हणून. फियाटशी करार असा होता, की जितक्या शर्यती जिंकाल त्या प्रमाणात पैसे. अबार्थ जिंकत सुटला आणि फियाटला बिलं भरावी लागली.

१९६५ मध्ये तर त्यानं कहर केला. एक हजार सीसीच्या रेकॉर्ड गाडीची जागा इतकी अरुंद, की धिप्पाड अबार्थ आत मावेना. गाडी रुंद करण्याऐवजी त्यानं स्वतःला बारीक केलं. मुख्यतः सफरचंदं खाऊन सुमारे ३० किलो वजन उतरवलं. ऑक्टोबरमध्ये मोंझाच्या ट्रॅकवर स्वतः गाडीत बसून वेगवृद्धीचा विक्रम केला. वय ५६. ज्याला तिशीत शर्यती सोडाव्या लागल्या होत्या, तो शेवटी स्वतःच्या कंपनीच्या गाडीत बसला.

हिशेबानं पाहिलं तर त्यानं पाईप विकत निवांत बसायला हवं होतं. पण त्याला मोठ्या गाड्यांत उतरायचं होतं. दोन लिटर, तीन लिटर, मग थेट सहा लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन. ते बनलं आणि १९६८ पासून प्रोटोटाइप गाड्यांना तीन लिटरची मर्यादा आली. एवढ्या खर्चाचं इंजिन शर्यतीविना राहिलं. छोट्या गाड्यांतून येणारा पैसा मोठ्या गाड्यांना पुरेना. दिवाळं काढून बसलेला दुसिओ त्यानं जवळून पाहिला होता, तरी पाऊल त्याच वाटेवर पडलं. फरक एवढाच, की बुडण्याआधी त्यानं सौदा केला. १९७१ मध्ये कंपनी फियाटला विकली.

नंतर तो व्हिएन्नाला परतला आणि २४ ऑक्टोबर १९७९ ला तिथंच वारला. फियाटनं विंचू मात्र ठेवला. १३१ अबार्थनं १९७७, १९७८ आणि १९८० अशी तीनदा फियाटला जागतिक रॅली स्पर्धा जिंकून दिली. आपल्याकडंही हा विंचू येऊन गेलाय : २०१५ मध्ये बाजारात आलेली १४५ हॉर्सपॉवरची पुंटो अबार्थ पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात बनत होती.

२०२२ मध्ये कंपनीनं पहिली इलेक्ट्रिक गाडी दाखवली, अबार्थ ५०० ई. तिला इंजिन नाही, त्यामुळं धूर नाही आणि एक्झॉस्टही नाही. म्हणून गाडीच्या बाहेरच्या बाजूला एक स्पीकर बसवलाय. बटण चालू ठेवलं की त्यातून पेट्रोल अबार्थच्या एक्झॉस्टचा गुरगुराट ऐकू येतो.